पाटे वाढवले, गाडी उचलली, आता टायर खाते: मॉडिफाय पिकअपचं अलाइनमेंट कसं करायचं आणि त्याचे पैसे कसे घ्यायचे



व्हिडिओत मी मशीनवर गाडी चढवून दाखवली, पण तिथे आकडे भराभर निघून जातात. म्हणून इथे सगळं शांतपणे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. ज्यांचं अलाइनमेंट सेंटर आहे किंवा येत्या वर्षात टाकायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांची स्वतःची पिकअप भाड्यावर चालते, त्यांनीही वाचा. गॅरेजवाल्याला काय विचारायचं ते कळेल.

आपल्याकडे पिकअप जशी शोरूममधून निघाली तशी फार दिवस राहत नाही. पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं भरून वाशी मार्केटला जाणारा असो, नाहीतर वाळू-विटा ओढणारा असो, पहिल्या दोन-चार महिन्यांत तो कमानवाल्याकडे जातो आणि मागे एक-दोन पाटे वाढवून घेतो. दुसरा वर्ग हौशी लोकांचा. डी-मॅक्स, हायलक्स यांसारखी गाडी घेतात आणि पुढे स्पेसर टाकून, मागे शॅकल बदलून ती दोन इंच वर उचलतात. दोघांची कारणं वेगळी, पण तीन महिन्यांनी तुमच्या दारात दोघांची तक्रार एकच असते: "दादा, गाडी टायर खाते. आणि स्टिअरिंग हातात थांबत नाही."

या दोन्ही गाड्या मशीनवर घेऊन नुसता टो हिरवा करून दिला, तर ते काम अर्धंच झालं. गिऱ्हाईक महिन्याभरात परत येतं, आणि तेव्हा ते पैसे द्यायला येत नाही, भांडायला येतं.

उचलल्यावर नक्की काय बदलतं?

आधी हिशोब समजून घ्या. मागे पाटे वाढवले आणि गाडी मागून ५० मिलिमीटर उचलली गेली. पिकअपचा व्हीलबेस साधारण तीन मीटर, म्हणजे ३,००० मिलिमीटर. ५० भागिले ३,००० केलं की कोन निघतो जवळपास एक अंश. एवढी गाडी नाकावर झुकली. आता पुढच्या चाकाचा जो कॅस्टर आहे, म्हणजे स्टिअरिंगचा आस बाजूने पाहिल्यावर मागे कललेला असतो तो कोन, तो तेवढ्यानेच कमी होतो. पुढच्या एकाही नटाला पाना लावलेला नाही आणि तरी कॅस्टर एक अंशाने गेला! गिऱ्हाईक म्हणतं, "पुढे तर काहीच केलं नाही, मग स्टिअरिंग का हलकं झालं?" त्याला हेच गणित कागदावर काढून दाखवा. गणित कळलेला माणूस बिलावर घासाघीस कमी करतो, असा माझा अनुभव आहे.

कॅस्टर कमी झाला की स्टिअरिंग हलकं लागतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि हायवेला गाडी भटकते. ड्रायव्हर दिवसभर बारीक-बारीक दुरुस्ती करत राहतो. रिकाम्या गाडीला हे जास्त जाणवतं, कारण माल भरला की मागचा भाग बसतो आणि कॅस्टर परत येतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: त्रास रिकामी असताना होतो की भरलेली असताना? याच्या उत्तरावरून तुमचं निम्मं निदान होतं.

पुढून उचललेल्या गाडीचं प्रकरण वेगळं. डी-मॅक्स आणि हायलक्सला पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहे. स्प्रिंगच्या वर स्पेसर टाकला की दोन्ही आर्म खाली लोंबतात. चाकाची जागा बदलते, आणि टो, कॅंबर, कॅस्टर तिन्ही हलतात. यात एक गंमत आहे. गिऱ्हाईक सांगतं, "एकच इंचाचा स्पेसर टाकलाय." पण शॉकअब्जॉर्बर खालच्या आर्मला मधेच कुठेतरी बसलेला असतो, चाकापाशी नाही. त्यामुळे एक इंचाच्या स्पेसरने चाकापाशी गाडी जवळजवळ दुप्पट उचलली जाते. म्हणून त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, टेप लावा. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांना मोजा आणि जॉबकार्डावर लिहा. डावी-उजवी उंची जुळत नसेल तर आधी तिचं कारण शोधा. एका बाजूची कमान बसली असेल, पाटा तुटला असेल किंवा स्पेसर उलटसुलट बसला असेल. उंची वाकडी असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही.

टो: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, सगळ्यात महाग दुर्लक्ष

पिकअपच्या टायरचा व्यास धरा ७०० मिलिमीटर. आता एकूण टो सहा मिलिमीटर बिघडला, म्हणजे प्रत्येक चाकाला तीन. तीन भागिले सातशे. याचा अर्थ गाडी एक किलोमीटर पुढे गेली की प्रत्येक चाक सुमारे सव्वाचार मीटर आडवं घासलं जातं. दहा हजार किलोमीटरला ४३ किलोमीटर! रस्त्यावर टायर आडवा धरून ४३ किलोमीटर ओढत न्यायचा म्हटलं, तर काय उरेल सांगा.

मशीन लावायच्या आधी टायरवर तळहात फिरवायची सवय लावून घ्या. बाहेरून आत हात नेला तर गुळगुळीत आणि आतून बाहेर आणला तर करवतीसारखं टोचतं, तर चाकं पुढून आत वळलेली आहेत, म्हणजे टो-इन जास्त. याच्या उलट लागलं तर टो-आउट. टायरची एकच कड सपाट झिजली असेल आणि करवत लागत नसेल, तर संशय कॅंबरवर घ्या. आणि जागोजागी खड्डे पडले असतील, तर तो अलाइनमेंटचा विषयच नाही. शॉकअब्जॉर्बर, बेअरिंग, बॅलन्सिंग तपासा. हात फिरवायला अर्धा मिनिट लागतो आणि गिऱ्हाईकासमोर केलं की तुमच्यावरचा विश्वास तिथेच बसतो.

मशीनआधीची तपासणी

सेंटरवाले इथेच घाई करतात. गाडी जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा, मग आडवं धरून हलवा. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग, बुश, किंग पिन असेल तर किंग पिन, सगळं बघा. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पाण्यावर काढलेली रेघ. गाडी मशीनवरून उतरली की आकडा बदलतो. हवा चारही टायरमध्ये कंपनीच्या आकड्याप्रमाणे भरा.

मग मागे या. पाटे वाढवलेल्या गाडीत मी सगळ्यात आधी यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट बघतो. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलेलं असतं, त्यानेच एक्सल जागेवर राहतो. पाटा वाढवताना जुनेच यू-बोल्ट ताणून लावले, किंवा डोकं भोकात नीट बसलंच नाही, तर एक्सल एका बाजूने पुढे-मागे सरकतो. मग गाडी सरळ रस्त्यावरही खेकड्यासारखी तिरकी चालते आणि स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. मशीनवर हे थ्रस्ट अँगल म्हणून दिसतं. कमानपाट्याच्या मागच्या एक्सलला हा कोन फिरवायला कुठलाही बोल्ट दिलेला नसतो. तो कमान सोडून, एक्सल जागेवर बसवूनच सुटतो. पुढचा टो कितीही फिरवा, मागचा एक्सल तिरका असेल तर फक्त स्टिअरिंगचं चाक सरळ दिसेल आणि गाडी तिरकीच चालत राहील. हे करून देणारी सेंटर्स आहेत, म्हणून सांगतोय.

आणखी एक तपासणी, जी बहुतेक कोणी करत नाही. माझ्या मते ती टायरपेक्षा महत्त्वाची आहे. अनेक पिकअपना मागच्या एक्सलजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा एक्सलला जोडलेला असतो. माल भरला, चेसिस खाली बसली की व्हॉल्व्हला कळतं की वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, नाहीतर मागची चाकं लॉक होतील. आता तुम्ही पाटे वाढवून गाडी उचलली. माल भरल्यावरही ती पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे! मागचा ब्रेक कमी लागतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. ही गाडी माल भरून कसारा घाटातून उतरणार आहे, हे डोळ्यांसमोर आणा. म्हणून दांड्याची सेटिंग नव्या उंचीप्रमाणे, कंपनीच्या मॅन्युअलनुसार करून घ्यायला सांगा. तुमच्याकडे ते मॅन्युअल किंवा ब्रेकचा हात नसेल, तर स्वतः दांडा वाकवत बसू नका. जाणकाराकडे पाठवा आणि जॉबकार्डावर तसं लिहा. सोबत ब्रेकचा होज ताणला तर जात नाही ना, हेही चाक पूर्ण लोंबकळत ठेवून बघा.

पाटे वाढवल्यावर किंवा एक्सल आणि कमानीमध्ये ठोकळा टाकल्यावर शाफ्टचा कोनही बदलतो. गाडी ठरावीक स्पीडला गुरगुरते, थरथरते. गिऱ्हाईक म्हणतं बॅलन्सिंग करा. तुम्ही चारही चाकं बॅलन्स करता, थरथर तशीच. ती थरथर स्टिअरिंगऐवजी सीटखाली आणि हौद्याकडून येत असेल, तर आधी शाफ्ट आणि क्रॉस बघा.

काम कुठल्या क्रमाने

क्रम महत्त्वाचा, कारण एक फिरवलं की दुसरं हलतं. आधी मागचा एक्सल, मग कॅस्टर, मग कॅंबर आणि सगळ्यात शेवटी टो. टो आधी केला आणि नंतर कॅंबरचा बोल्ट फिरवला, तर टो परत बिघडलाच म्हणून समजा.

पुढे सलग एक्सल आणि कमान असलेल्या गाडीत कॅस्टर वाढवायला कमान आणि एक्सलच्या बैठकीमध्ये फाचर, म्हणजे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ अशी पट्टी टाकतात. एक्सलचा माथा मागे झुकला पाहिजे. कमान एक्सलच्या वर बसत असेल तर फाचरीची जाड बाजू मागे येते, एक्सलच्या खाली असेल तर पुढे. दोन्ही बाजूंना सारखीच फाचर टाका. त्यासाठी लांबी पुरेल असे नवे यू-बोल्ट लागतात, ते आधीच कोटेशनमध्ये धरा. या प्रकारच्या एक्सलला कॅंबर फिरवायची सोय नसते. कॅंबर चुकलेला असेल तर किंग पिन झिजलेला आहे किंवा एक्सल वाकलाय.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत काहींना आर्मच्या मुळाशी कॅम बोल्ट असतात, काहींना शिम. कॅम फिरवताना कॅस्टर आणि कॅंबर एकमेकांशी बांधलेले असतात. एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं. उंची जास्त असेल तर कॅम टोकाला जाऊन संपतो आणि कॅस्टर अजून कमीच असतो. अशा वेळी दोनच प्रामाणिक उत्तरं आहेत: उंची कमी करा, किंवा उचललेल्या गाडीसाठी बनवलेले वरचे आर्म टाका. तिसरं उत्तर, म्हणजे "चालेल शेठ, एवढं काही होत नाही", हे देऊ नका. थोडंफार कमी-जास्त करावंच लागलं तर माझा नियम असा: टोमध्ये तडजोड नाही, डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये फरक ठेवायचा नाही, आणि उरलेली तडजोड कॅंबरमध्ये, तीही कंपनीच्या मर्यादेत.

डाव्या-उजव्याचं का, तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. कॅंबरचं उलट, जिकडे कॅंबर जास्त पॉझिटिव्ह तिकडे ओढते. ट्रायल घेताना एवढं लक्षात ठेवा की आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. डाव्या लेनमध्ये चांगली गाडीही जरा डावीकडे जाते. सपाट जागा शोधा, नाहीतर नसलेला दोष दुरुस्त करत बसाल.

आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असतानाच. जॅकवर लोंबत्या अवस्थेत आवळले तर खाली उतरवल्यावर बुश पिळलेले राहतात, लवकर फाटतात आणि उंचीही चुकीची दाखवतात. मोजण्याआधी गाडी पुढून-मागून दोन-चार वेळा दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन जागेवर बसेल.

आता नेहमीचा वाद: अलाइनमेंट रिकाम्या गाडीचं की भरलेल्या? कंपनीचे आकडे ठरावीक उंचीला आणि रिकाम्या गाडीसाठी दिलेले असतात, म्हणून सुरुवात तिथूनच. पण गाडी महिन्यातले पंचवीस दिवस माल घेऊनच फिरत असेल आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल, तर एकदा नेहमीचा माल भरून बोलवा आणि टो किती हलतो ते फक्त मोजा. मर्यादेबाहेर जात असेल तर दोन्ही अवस्थांत मर्यादेत राहील असा मधला आकडा निवडा. सलग एक्सलच्या गाडीत मालाने टो फारसा हलत नाही, तिथे एवढा खटाटोप नको.

पैसे

समजा, साध्या अलाइनमेंटचे तुम्ही ५०० रुपये घेता आणि तासाला दोन गाड्या काढता. मॉडिफाय पिकअप तपासणी धरून दोन तास घेते. तेवढ्या वेळात चार साध्या गाड्या झाल्या असत्या, म्हणजे २,००० रुपये. तुम्ही तिलाही ५०० च लावले तर १,५०० रुपये तुमच्या खिशातून गेले, आणि वर गिऱ्हाईकाला वाटतं की मशीनवर तर सगळं आपोआपच होतं.

म्हणून बिलाचे तुकडे करा. तपासणी वेगळी, अलाइनमेंट वेगळं, सुटे भाग वेगळे, कमान खोलावी लागली तर ती मजुरी वेगळी. तपासणीचे पैसे आधी सांगा आणि त्या बदल्यात कागद द्या: चारही उंची, टायरची अवस्था, सांध्यांची अवस्था, मशीनचा आधीचा प्रिंट. हा कागद गिऱ्हाईकाने दुसरीकडे नेला तरी चालेल. बहुतेक नेत नाहीत. उलट, "तपासणी फुकट" असा बोर्ड लावलात की तुमचा कारागीर तपासणी करतच नाही, नुसता टो फिरवतो. कारण फुकटच्या कामाला कोणी वेळ देत नाही.

दोष सापडला आणि गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, बॉल जॉइंट पुढच्या महिन्यात करू, आत्ता फक्त अलाइनमेंट मारून द्या," तर काय? माझं उत्तर सरळ आहे. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड ढिला असेल तर अलाइनमेंट करू नका, तपासणीचे पैसे घ्या आणि कागदावर त्याची सही घ्या. ५०० रुपये जातील. पण तो सांधा रस्त्यात निखळला तर सगळ्यात शेवटी हात लावणारे तुम्ही असाल आणि बिल तुमच्या नावाचं असेल.

कमानवाल्याशी वैर करू नका. त्याचं काम तुमच्या कामाचं मूळ आहे. त्याच्याकडे जा, म्हणा, "मालक, पाटे वाढवल्यावर गाडी माझ्याकडे पाठवा, मी उंची आणि थ्रस्ट मोजून तुम्हाला फोटो पाठवतो." त्याच्या कामातली चूक त्याला गुपचूप कळली तर तो दुरुस्त करेल. गिऱ्हाईकासमोर नाव घेऊन बोललात तर तो दुसऱ्या सेंटरला गाड्या पाठवेल.

आणि एक वही ठेवा. गाडीचं मॉडेल, किती उचलली, कुठले भाग टाकले, आधीचे आकडे, नंतरचे आकडे, परत आल्यावरचे आकडे. कंपनीच्या डेटामध्ये दोन इंच उचललेल्या गाडीची सेटिंग मिळत नाही. ती तुमच्या वहीत तयार होते. पन्नास गाड्या झाल्या की आलेली गाडी बघूनच तुम्हाला कळेल की कॅम पुरेल की आर्म लागतील, आणि कोटेशन फोनवर देता येईल.

कायद्याचं दोन मिनिटांत

पाटे वाढवले म्हणजे गाडीची क्षमता वाढली, हा समज तुम्हीच मोडून काढा. आरसीवरचं वजन तेवढंच राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हे मुद्दे निघू शकतात. तुम्ही स्वतः गाडी उचलून देण्याचं काम घेणार असाल तर आरटीओत आधी विचारा, मग बोर्ड लावा.

परत कधी बोलवायचं?

नवे पाटे आणि नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, उंची काही मिलिमीटरने कमी होते आणि त्याबरोबर आकडेही हलतात. म्हणून ५०० ते १,००० किलोमीटरनंतरची एक तपासणी बिलातच धरा आणि तारीख बिलावर लिहा. त्या दिवशी गाडी आली की लगेच मशीनवर चढवू नका. आधी खाली वाका, यू-बोल्टचे नट कंपनीच्या टॉर्कला परत आवळा, उंची मोजून पहिल्या कागदाशी जुळवा, टायरवर हात फिरवा. करवत लागत नसेल आणि उंची हललेली नसेल, तर मोजणी दहा मिनिटांत उरकते. हललेली असेल तर टो परत सेट करा, नवा प्रिंट जुन्याला पिनने जोडा आणि वहीत शेवटचा रकाना भरा.